शिळी चांदी

मफलरवाल्यांनी दोन फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि थोरली पुढे वाकली.

फोटो एकाच जिन्याचे होते, एकाच निगेटिव्हवरून छापलेले. फरक फक्त कागदाचा. डावीकडच्या कागदावर जिन्याखालचा अंधार काळा होता, चांगला काळा, कुणी नावं ठेवावीत असा मुळीच नाही. उजवीकडच्यावर मात्र तो असा उतरला होता की हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल.

"हा," मफलरवाले उजव्या फोटोवर बोट टेकवून म्हणाले. उन्हाळा असो की हिवाळा, या माणसाच्या गळ्यातला मफलर सुटत नसे. रिकाम्या जिन्यांचे फोटो काढायचं त्यांना वेड होतं. "प्रदर्शनाचे सगळे जिने मला ह्याच कागदावर हवेत. कुणाच्या हातचा आहे?"

थोरलीला कळलंच होतं. तरी तिने फोटो उलटला, एखाद्या वेळी देव पावतो म्हणून. पाठीमागे कोपऱ्यात पेन्सिलची रेघ.

या घरात दोघी जावा फोटोचा कागद हाताने बनवत. कुठला कागद कुणी केला ते कळावं म्हणून थोरली पाठीवर टिंब काढायची, धाकटी रेघ.

"आमच्या धाकटीच्या हातचा!" थोरलीचा नवरा कागद कापायच्या यंत्रामागून ओरडला. एरवी चहा हवा का विचारलं तर उत्तर द्यायला अर्धा तास घेणारा माणूस, पण आत्ता काय घाई!

धाकटी दारात उभी होती. ती लाजली, असं थोरलीला वाटलं. मान खाली घालून ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. थोरलीला तो लाजण्याचा थाटही खुपला. एवढं कौतुक पचवता येत नसेल तर करवून कशाला घ्यायचं?

धाकटी घरात यायच्या कितीतरी आधीपासून थोरली हे काम करत होती. सासूबाईंनी शिकवलं होतं, मागच्या खोलीत, जिथे पूर्वी कपडे धुतले जायचे. जिलेटिन थंड पाण्यात फुगवायचं, ब्रोमाइडचं मीठ घालून मंद आचेवर विरघळवायचं. मग दार लावायचं, फटीत फडका कोंबायचा, लाल दिवा लावायचा, आणि त्या पातेल्यात सिल्व्हर नायट्रेटचं पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. घरात त्याला नुसतं 'चांदी' म्हणत. एका हाताने चांदी सोडायची, दुसऱ्याने काचेच्या दांडीने ढवळायचं, आणि तोंडाने बोलायचं नाही, कारण बोलणाऱ्या बाईचा हात थरथरतो, असं सासूबाईंचं मत होतं. हळूहळू पातेल्यातलं पाणी दुधासारखं होतं. ते इमल्शन. मग ते ठरल्या उष्णतेवर मुरू द्यायचं, बर्फात ठेवून थिजवायचं, थिजलं की बारीक करून थंड पाण्यात धुवायचं, म्हणजे नको असलेलं मीठ निघून जातं. पुन्हा वितळवून कागदाला लेप द्यायचा आणि अंधारात दोरीवर वाळत घालायचं. झाला कागद. सांगायला इतकंच.

चांदीने थोरलीची बोटं कायमची काळी झाली होती. बसमध्ये दांडा धरला की शेजारची बाई जरा सरकून उभी राहायची. धाकटी हातमोजे घालायची. तिची बोटं गोरीपान, नखांना रंगसुद्धा. थोरलीला वाटे, ज्या कामाने हात काळे होत नाहीत ते काम कसलं? आणि आता त्या गोऱ्या बोटांखालून असला काळा निघत होता.

मफलरवाले गेल्यावर नवरा जवळ आला. आवाज अगदी मऊ करून. तो आवाज थोरली ओळखून होती. लग्नानंतर पहिल्यांदा आईकडे राहायला जाऊ नकोस म्हणाला तेव्हाही तोच लावला होता.

"मी काय म्हणतो, तुझा खांदा दुखतो ना हल्ली? चार कागद झाले की हात वर जात नाही. मग आता इमल्शनचं धाकटीकडेच देऊ या. तू माझ्याबरोबर बाहेर. पाकिटं भरायची. बसून काम, उजेडात."

"उजेडात काय करू मी? उन्हं खाऊ?"

"अगं, आराम—"

"म्हातारी झाले म्हणा ना सरळ."

"मी असं म्हटलं का?"

"म्हटलं नाहीत. कापून, पाकिटात घालून, वर चिकटपट्टी लावून दिलंत."

नवऱ्याने हात वर केले आणि यंत्रामागे जाऊन बसला. पण गोष्ट ठरल्यासारखीच झाली. ती मागची खोली, तो लाल उजेड, जिथे शिरलं की घरातला एकही आवाज आत येत नाही, ती थोरलीची सबंध घरात एकच जागा होती. ती आता जाणार.

या सगळ्यात एक गोष्ट थोरलीला आतून कुरतडत होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

धाकटीचा कागद चांगला येणं शक्यच नव्हतं.

कारण मागच्या खोलीतला थर्मामीटर खोटं बोलायचा. सासूबाईंच्या हातून तो कधीतरी फरशीवर पडला होता. काच वाचली, पण आतली आकड्यांची पट्टी वर सरकली. त्यामुळे पातेलं असायचं त्यापेक्षा तो कमी गरम दाखवायचा. सासूबाईंना ते माहीत होतं, थोरलीला माहीत होतं. पारा लाल खुणेच्या बोटभर खाली असतानाच पातेलं उतरवायचं, हे तिच्या अंगवळणीच पडलं होतं. खुणेपर्यंत थांबलं तर इमल्शन जास्त शिजतं आणि कागद धुरकटतो. फोटोतलं सगळं पांढरं राखेसारखं होतं.

धाकटीला शिकवताना तिने विचारलं होतं, "ताई, पारा ह्या लाल खुणेपर्यंत येऊ द्यायचा ना?"

त्याच सकाळी नवरा म्हणाला होता, "धाकटीचा हात काय सुरेख फिरतो गं कागदावर! एक बुडबुडा नाही." थोरलीच्या लेपात बुडबुडे यायचे. कमी, पण यायचे.

"हो," थोरली म्हणाली होती. "खुणेपर्यंत."

एवढंच. खोटं सांगावं असं काही ठरवलं नव्हतं. जीभच पुढे झाली आणि मग मागे घेता आली नाही. ती वाट बघत राहिली. आज ना उद्या राखेसारखा कागद बाहेर येईल, धाकटी रडत येईल, मग आपण मोठ्या मनाने सांगू, अगं, राहिलंच बघ सांगायचं. तिने ते वाक्य तयारसुद्धा ठेवलं होतं.

धाकटी रडत आली नाही. पहिल्या खेपेला जरा उशिरा बाहेर आली, डोळे लाल होते. पण लाल दिव्यातून आलेल्या कुणाचेही असतात. मग तिचे कागद येऊ लागले, एकाहून एक काळे, एकाहून एक स्वच्छ. म्हणजे थर्मामीटर खोटा, सांगितलेली रीत खोटी, आणि कागद मात्र खरा. याचा अर्थ एकच होता. हिच्या हातातच काहीतरी आहे, जे आपल्या हातात नाही, कधी नव्हतं. इतकी वर्षं आपण नुसतं शिजवत होतो.

हा विचार थोरलीला सकाळी दात घासताना यायचा, भांडी विसळताना यायचा. आला की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिने रुसून मागची खोली सोडली. "तुझंच राज्य आहे आता," असं धाकटीला सांगून पुढच्या टेबलावर जाऊन बसली आणि काळ्या पाकिटांत कागद भरू लागली, असे की पाकिटांनी काय घोडं मारलं होतं, असं बघणाऱ्याला वाटावं.

एक दिवस गेला, दोन गेले. मफलरवाल्यांच्या कामाचा एकही कागद आतून आला नाही. धाकटी आत जायची, बराच वेळ राहायची, बाहेर यायची आणि जेवायची नाही.

मग ती थोरलीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ताई, तुम्ही एक पातेलं शिजवाल का?"

"मी? मी कशाला? तुझ्या हातचा कागद हवाय त्यांना."

"तसं नाही. तुमचं तुम्ही कागदाला लावा. चार-पाच करा, खांदा दुखायच्या आत. उरलेलं मी बादलीत टाकीन."

उरलेलं म्हणजे जे कागदाला लावून संपत नाही ते. घरचा नियम होता, सासूबाईंचा, आणि त्यावर कुणी कधी प्रश्न विचारला नव्हता: शिळं इमल्शन कागदाला लावायचं नाही. ज्या दिवशी शिजवलं त्याच दिवशी लावायचं, उरेल ते चांदीच्या बादलीत. त्या बादलीतून पुढे चांदी परत काढून घेत. बादलीत टाकायचं काम धाकटीचं.

थोरलीला नवल वाटलं. पण विनवणी गोड लागते, आणि तिला ती खोली आठवत होती. तिने पातेलं चढवलं. चांदी सोडताना किती दिवसांनी जिवाला बरं वाटलं! पारा बोटभर खाली असताना पातेलं उतरवलं, थिजवलं, जाळीतून दाबून त्याचे बारीक दोरे काढले, एकदा धुतले. ही तिची रीत. धाकटीला जाळी दाबायला जमत नसे. ती सुरीने चौकोनी तुकडे करायची. थोरलीने लागतील तेवढेच दोरे वितळवून पाच कागदांना लेप दिला, खांदा ओरडायला लागला, तशी ती बाहेर आली.

"उरलंय बरंच," ती म्हणाली.

"मी बघते," धाकटी म्हणाली. फार पटकन.

त्या पटकनने थोरलीला झोप लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी धाकटी आत गेली तशी तिने थोडा वेळ जाऊ दिला आणि दार वाजवलं.

"कोण?"

"मी. बाहेर हे जीव खातायत. येऊ का मदतीला?"

"दिवा लालच आहे. या."

दोन दारं होती, मध्ये पडदा. थोरली आत शिरली, डोळे सरावेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली. धाकटी पातेल्याशी वाकली होती. शेजारी बरणी होती, काळ्या कापडात गुंडाळलेली, आताच फ्रीजमधून काढल्यासारखी ओली. धाकटी त्यातलं पाणी गाळून बरणी पातेल्यात रिकामी करत होती. लाल उजेडात पातेल्यात जे पडलं ते चौकोनी तुकडे नव्हते.

बारीक दोरे होते.

थोरलीने आपल्या हातचे दोरे कुठेही ओळखले असते. जाळीला एका कोपऱ्यात फाटलं होतं, तिथून एक दोरा नेहमी जाड यायचा. तो जाड दोरासुद्धा होता. पातेल्याच्या काठावरून लोंबत होता.

"खांदा दुखतोय गं," ती म्हणाली आणि बाहेर आली. बाहेर नवरा काहीतरी बोलला, तिला ऐकू आलं नाही. तिला हसू येत होतं. ते माझं होतं! तो जिना, तो कोपरापर्यंतचा अंधार, त्या मफलरवाल्याचं बोट ज्यावर टेकलं ते, सगळं माझं! मी महिनोन्‌महिने माझ्याच इमल्शनवर जळत होते. फक्त एक रात्र थंड पाण्यात पडून राहिलेलं, नीट धुतलं गेलेलं, मुरलेलं. आणि शिळं लावायचं नाही हा सासूबाईंचा नियम मी वर्षानुवर्षं डोक्यावर घेऊन बसले होते. तेवढं जरा बोचलं, पण आनंदापुढे ते काहीच नव्हतं.

तिने ठरवलं, आत्ता नाही. मफलरवाले येतील तेव्हा. सगळ्यांसमोर.

मफलरवाले आले. त्या पातेल्यातून निघालेल्या कागदावर त्यांनी एक जिना छापून आणला होता. मफलरचं टोक मागे टाकून त्यांनी तो उजेडात धरला, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"काय करता हो तुम्ही?" त्यांनी धाकटीला विचारलं. "मी इतके कागद वापरले आयुष्यात. हे कसं येतं?"

थोरलीने घसा साफ केला. वाक्य तयार होतं. 'विचारा तिला, बरणीत काय ठेवते ते.' तिने तोंड उघडलं.

"ते ताईंचं आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"म्हणजे?" नवरा यंत्रामागून उठून पुढे आला.

"इमल्शन ताईंचं. उरलेलं. मी बादलीत टाकत नव्हते." धाकटीचा आवाज चिरकत होता, पण थांबत नव्हता. "माझं एकदाही चांगलं आलं नाही, दादा. पहिल्यापासून. सगळं राखेसारखं होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा घाबरून ताईंचं उरलेलं लावलं, म्हटलं एवढी वेळ निभावून नेऊ. ते इतकं छान आलं की सगळे कौतुक करायला लागले. मग कसं सांगणार? मी सगळं सांगितलं तसं करते. पारा अगदी खुणेवर ठेवते, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. तरी नाहीच. माझ्या हातातच नाही ते."

नवऱ्याने थोरलीकडे बघितलं, आणि कितीतरी वर्षांत न दिसलेलं काहीतरी त्याच्या नजरेत होतं. अभिमानच असावा. थोरलीला हवं होतं ते सगळं झालं होतं, तिने तोंडातून शब्दही न काढता. आता गप्प बसायचं, जमलं तर जरासं हसायचं, आणि मागची खोली जन्मभरासाठी तिची.

पण 'माझ्या हातातच नाही ते.' दात घासताना, भांडी विसळताना ती हेच वाक्य चघळत होती. शब्द न् शब्द तोच. त्याची चव तिच्या जिभेवर अजून होती.

"थर्मामीटर खोटा आहे," थोरली म्हणाली.

"काय?"

"आतली पट्टी सरकलीय. कमी दाखवतो. बोटभर आधी उतरवावं लागतं. तू खुणेपर्यंत थांबतेस म्हणून धुरकटतं. तुझ्या हाताला काही झालेलं नाही."

"कधी सरकली?" नवऱ्याने विचारलं.

"आई होत्या तेव्हा."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. हिशेब लागायला वेळ लागला नाही. "मी विचारलं होतं तुम्हाला. खुणेपर्यंत ना, असं विचारलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"म्हणाले."

"माहीत असून?"

थोरलीला पुष्कळ काही सांगता आलं असतं. त्या सकाळचं, बुडबुड्यांचं, खांद्याचं. तिने आपली काळी बोटं पदरात घेतली. "माहीत असून," ती म्हणाली.

मफलरवाल्यांनी घड्याळ बघितलं. "माझं काय होणार आहे? मला हा काळा हवाय. तुम्ही दोघींनी मिळून करा नाहीतर भांडून करा, मला त्याचं काही नाही. बाकीचे कागद कधी मिळतील?"

मग थोरलीने शिजवलं, एक दिवस पाण्यात मुरू दिलं आणि धाकटीने लेप दिला. जिने पूर्ण झाले. लाल दिव्यात दोघी शेजारी उभ्या असत आणि धाकटी एक अक्षर बोलत नसे. "दांडी," "चाळण," "सरका," एवढंच. पूर्वी तिची बडबड थोरलीच्या डोक्यात जायची. आता ती बडबड ऐकायला थोरलीचे कान आसुसले, पण ते सांगायला जीभ रेटेना.

थोरलीने नवा थर्मामीटर आणला. जुना काढून कचऱ्यात टाकायला निघाली, तर धाकटीने तिच्या हातातून घेतला आणि नव्याच्या शेजारी खिळ्याला अडकवला.

"कशाला हवाय तो?"

"असू दे. त्याच्याकडे बघितलं की तुमच्यावर चिडायला सोपं जातं."

बऱ्याच दिवसांनी बोललेलं ते पहिलं अख्खं वाक्य. थोरली पाठ फिरवून जाळी धूत राहिली, कारण तिला हसू आलं होतं आणि दाखवायचं नव्हतं.

नंतर धाकटीने स्वतःचं पातेलं चढवलं. नव्या थर्मामीटरवर. थोरली मुद्दाम आत गेली नाही, पण दारापासून हललीही नाही. इमल्शन मुरलं, धाकटीने लेप दिला. थोरलीनेही त्याच पातेल्यातलं चार कागदांना लावलं. मफलरवाल्यांनी मागे ठेवलेल्या निगेटिव्हवरून नवऱ्याने दोन फोटो छापले, एक हिच्या कागदावर, एक तिच्या, आणि वाळल्यावर एकावर एक ठेवून आणले.

"बघा," धाकटी म्हणाली. हात छातीशी घट्ट बांधून. तिला काय हवंय ते थोरलीला समजत होतं, आणि ते द्यायचं नाही असं तिच्या पोटातलं जुनं काहीतरी पुन्हा फणा काढून सांगत होतं.

तिने वरचा फोटो उचलला, खिडकीशी नेला. अंधार खोल होता. पांढरं पांढरं होतं. कडा स्वच्छ. ती बघत राहिली, तिरका धरला, उलटसुलट केला. काहीतरी असेल. काहीतरी असायलाच हवं. आणि सापडलं.

"हा बघ," ती म्हणाली. आवाजात आलेली खुशी तिला लपवता आली नाही. "कोपऱ्यात बुडबुडा आहे."

धाकटीने फोटो तिच्या हातातून घेतला आणि उलटला. पाठीवर टिंब होतं.

"हा तुमचा आहे, ताई. माझा खालचा."

नवऱ्याला ठसका लागला. तो यंत्रामागे जाऊन ठसकत राहिला.

थोरलीने खालचा फोटो उचलला. उजेडात धरला. फार वेळ धरला, खांदा दुखायला लागेपर्यंत. मग दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा बघितला.

"मेली," ती शेवटी म्हणाली. "एकसुद्धा नाही."